स्वतःचीं हत्यारें स्वतः घडविणारे कारागीर

आपल्या गांवांत सुतार काम करीत असेल तर त्याच्या हत्यारांची पेटी विद्यार्थ्यांनीं एकदां लक्षपूर्वक पाहावी. करवत, वाकस, रंधा, पटाशी हीं हत्यारें त्यानें बाजारांतून आणलेलीं असतात. परंतु त्याच पेटीच्या तळाशीं कांहीं ओबडधोबड वस्तु सांपडतात, ज्या कोणत्याहि दुकानांत मिळावयाच्या नाहींत. फळीच्या कडेपासून सारख्या अंतरावर रेघ ओढण्यासाठीं खिळा ठोकलेला लांकडाचा एक तुकडा. एकाच मापाचीं भोकें वारंवार पाडतां यावींत म्हणून आधींच भोक पाडून ठेवलेली एक पट्टी. या वस्तूंना बहुधा नांवहि नसतें. विचारलें असतां सुतार इतकेंच म्हणतो, "हें मीं माझ्या सोईसाठीं केलें आहे." बाजारांतील हत्यार सर्व सुतारांसाठीं असतें, हें हत्यार मात्र त्याच्या हातांतील कामांतून जन्मास आलेलें असतें.

प्रस्तुत लेख अशाच एका निराळ्या कारागिराविषयीं आहे. संगणकांचे मोठाले समूह चालते ठेवणें हा त्याचा व्यवसाय. त्याला सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. आपण येथें त्याला संगणक-व्यवस्थापक किंवा नुसतें व्यवस्थापक म्हणूं. तो आपलीं हत्यारें स्वतः कां करतो, कशीं करतो, आणि तीं करतांना त्यानें कोणतें पथ्य पाळलें पाहिजे, या तीन प्रश्नांचा विचार आम्ही क्रमानें करणार आहों.

व्यवस्थापकाचें काम

शालान्त परीक्षेचा निकाल ज्या दिवशीं लागतो, त्या दिवशीं घरोघर काय चालतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. लक्षावधि मुलें व त्यांचे पालक एकाच वेळीं आपला बैठक-क्रमांक घालून निकाल पाहूं लागतात. निकाल सर्वांना दिसतो. तो दाखविणारीं यंत्रें कोणासहि दिसत नाहींत. सर्व्हर नांवाचीं तीं यंत्रें दूर कोठें तरी एका थंड खोलींत रात्रंदिवस चालूं असतात. त्यांची डिस्क भरत आली आहे काय, त्यांना जोडणारी तार शाबूत आहे काय, रात्रीं माहितीची दुसरी प्रत निघाली काय, कोणी चोरपावलांनीं आंत शिरण्याचा प्रयत्न करीत आहे काय, हें सर्व व्यवस्थापकास पाहावें लागतें. यंत्रें दहा असोत वा एक हजार, पाहणारीं माणसें बहुधा थोडींच असतात.

मग या कामासाठीं बाजारांत तयार हत्यारें मिळत नाहींत काय? पुष्कळ मिळतात. परंतु एका कारखानदाराचें हत्यार डिस्क पाहतें, दुसऱ्याचें नेटवर्क पाहतें, तिसऱ्याचें माहितीचा सांठा सांभाळतें. प्रत्येक हत्यार आपापल्या मालकाचा माल तेवढा ओळखतें. संकट मात्र बहुधा दोन वस्तूंच्या सांध्यावर उद्भवतें. निकालाचें पान हळूं उघडत आहे; डिस्क म्हणते मी ठीक आहें, नेटवर्क म्हणतें मी ठीक आहें, माहितीचा सांठाहि तेंच म्हणतो. अशा वेळीं तिघांनाहि एकाच क्षणीं प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें शेजारीं-शेजारीं मांडणारें हत्यार हवें असतें. तें कोणीच विकत नाहीं, कारण नेमक्या याच तीन वस्तु याच रीतीनें जोडलेलें दुसरें घर जगांत बहुधा नसतेंच. म्हणून व्यवस्थापक स्वतःच पांच-पंचवीस ओळींचा लहानसा प्रोग्राम लिहितो. अशा लिखाणास स्क्रिप्ट म्हणतात.

ही आमचीच कल्पना आहे असें कोणीं समजूं नये. अमेरिकेंतील आय.बी.एम. कंपनीच्या संशोधकांनीं व्यवस्थापकांच्या शेजारीं बसून, ते प्रत्यक्ष काम कसें करतात याचें निरीक्षण केलें. कांदोगन, मॅग्लिओ, हेबर व बेली या चौघांनीं त्यावर २०१२ सालीं एक ग्रंथहि प्रसिद्ध केला. स्वतः लिहिलेल्या लहान-लहान हत्यारांवर या लोकांचें किती काम चालतें, हें त्या निरीक्षणांत ठळकपणें दिसून आलें.

एका संध्याकाळीं झालेलें हत्यार

या हत्यारांपैकीं सर्वांत प्रसिद्ध असें एक हत्यार एका संध्याकाळीं तयार झालें. अमेरिकेंतील मेरीलँड संस्थानांत त्या देशाच्या सैन्याची बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरी नांवाची प्रयोगशाळा होती. तेथें माइक मूस हे गृहस्थ काम करीत. १९८३ सालच्या डिसेंबर महिन्यांत तेथील नेटवर्क विचित्र वागूं लागलें. एका यंत्राचा निरोप दुसऱ्यापर्यंत पोहोंचतो कीं नाहीं, आणि पोहोंचत असल्यास किती वेळांत, हें समजण्याची सोपी सोय मूस यांच्याजवळ नव्हती.

डोंगरासमोर उभें राहून हांक मारली असतां प्रतिध्वनि येतो, हें आपण जाणतों. नेटवर्कच्या नियमांतहि अशीच एक तरतूद होती. एका यंत्रानें दुसऱ्यास विशिष्ट प्रकारची हांक घातली कीं, दुसऱ्यानें ती जशीच्या तशी परत धाडावी. या प्रतिध्वनीचा उपयोग करून अंतर मोजतां येईल, अशी सूचना डेव्हिड मिल्स या शास्त्रज्ञाच्या बोलण्यांतून मूस यांना पूर्वींच मिळालेली होती. त्या आधारावर त्यांनीं त्याच संध्याकाळीं प्रोग्राम लिहिला. पाणबुडी ध्वनीच्या साहाय्यानें समुद्रांतील वस्तूचा शोध घेते तेव्हां जो आवाज होतो, त्यावरून त्याचें नांव पिंग ठेविलें.

मौजेची गोष्ट अशी कीं, पिंगची पहिली हांक सुटण्यापूर्वींच नेटवर्कमधील तो मूळचा दोष दुसऱ्या कोणीं शोधून दुरुस्तहि केला होता! ज्या कामासाठीं हत्यार केलें तें काम संपलें, पण हत्यार राहिलें. मूस २००० सालीं अपघातांत निवर्तले. परंतु आज बहुतेक प्रत्येक संगणकांत पिंग असतोच, आणि "तें यंत्र जिवंत आहे काय?" हा पहिला प्रश्न विचारण्यासाठीं व्यवस्थापक त्याच्याकडेच वळतो.

या पिंगसंबंधीं स्वतः मूस यांनीं नमूद करून ठेविलेली एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. एका परिषदेंत त्यांना ती कळली. कोण्या एका व्यवस्थापकाच्या इमारतींतील नेटवर्क मधूनमधून बंद पडे. कोठला तरी सांधा सैल होता, पण तो कोणता हें कळेना. पडद्यासमोर बसावें तर सांधे हलवितां येत नाहींत, आणि सांधे हलवीत फिरावें तर पडदा दिसत नाहीं. तेव्हां त्यानें पिंगच्या उत्तरास वाणी देणारा प्रोग्राम जोडला आणि त्याचा आवाज आपल्या खोलींतील ध्वनिवर्धकावर शक्य तितका मोठा केला. प्रत्येक सेकंदास संगणक "पिंग, पिंग" असें ओरडूं लागला. मग तो गृहस्थ इमारतभर हिंडत एकेक सांधा हलवून पाहूं लागला. ज्या सांध्यास हात लावतांच आवाज थांबला, तोच दोषी! डोळ्यांचें काम त्यानें कानांकडे सोंपविलें. असें हत्यार दुकानांत मागावयास गेला असता तर दुकानदार त्याच्या तोंडाकडे पाहतच राहिला असता.

सूप, चाळणी आणि नळी

वरील गोष्टींत दोन भिन्न प्रोग्राम एकमेकांस जोडले गेले, ही बाब विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. ही जोडण्याची युक्ति कोठून आली?

बेल लॅबोरेटरीज या अमेरिकन संस्थेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन, डेनिस रिची प्रभृतींनीं युनिक्स नांवाची संगणक-प्रणाली रचण्यास आरंभ केला. त्याच संस्थेंतील डग मॅकिलरॉय यांनीं १९६४ सालींच असा विचार मांडला होता कीं, बागेंतील पाण्याच्या नळ्या जशा एकीस एक जोडतां येतात, तसे प्रोग्रामहि जोडतां आले पाहिजेत. १९७३ सालीं थॉम्प्सन यांनीं ही सोय युनिक्समध्यें केली. तेव्हांपासून एका प्रोग्राममधून निघालेली माहिती नळींतून वाहावी तशी थेट दुसऱ्यांत जाऊं लागली.

आमच्या वाचकांच्या घरीं ही रीत फार जुनी आहे. धान्य घरीं आलें म्हणजे आई तें प्रथम सुपानें पाखडते, मग चाळणीनें चाळते, मग ताटांत घेऊन खडे निवडते. सूप चाळणीचें काम करीत नाहीं आणि चाळणी खडे निवडीत नाहीं. परंतु एकीचें काम संपलेलें धान्य दुसरीकडे जातें, आणि शेवटीं स्वच्छ दाणा हातीं येतो. युनिक्सचे लहान प्रोग्राम असेच आहेत.

एक उदाहरण घेऊं. शाळेच्या संगणक-खोलींत कोण केव्हां आंत आलें याची नोंद एका फाईलमध्यें होत असते, असें समजा. प्रत्येक ओळींत तारीख, यंत्राचा क्रमांक, विद्यार्थ्याचें नांव आणि प्रवेश मिळाला कीं नाकारला, इतकी माहिती आहे. एकंदर ओळी वीस हजार. कोणाचा प्रवेश सर्वांत अधिक वेळां नाकारला गेला, हें शोधून काढावयाचें आहे. वीस हजार ओळी डोळ्यांनीं वाचणें म्हणजे मनुष्याची परीक्षा पाहणें होय. व्यवस्थापक काय करतो पाहा. ग्रेप नांवाच्या प्रोग्रामकडून तो "नाकारला" हा शब्द असलेल्या ओळी तेवढ्या वेगळ्या काढतो. त्या ओळी कट या प्रोग्रामकडे जातात. तो त्यांतील नांवाचा रकाना कापून घेतो. सॉर्ट हा प्रोग्राम तीं नांवें अनुक्रमानें लावतो. मग युनिक हा प्रोग्राम लागोपाठ आलेलीं सारखीं नांवें मोजून प्रत्येकापुढें संख्या मांडतो. शेवटीं पुन्हां सॉर्टला बोलावून मोठी संख्या वर आणली कीं उत्तर तयार. हें सर्व एका ओळींत लिहितां येतें आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच पुरें होतें.

युनिकच्या आधीं सॉर्टची योजना कां केली, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः ताडून पाहावें. वर्गाच्या प्रतिनिधीची निवडणूक झाल्यावर आपण चिठ्ठ्या मोजतों तेव्हां प्रथम एकेका नांवाच्या चिठ्ठ्यांचे ढीग करतों आणि मग ढीग मोजतों. युनिकला केवळ शेजारशेजारचीं सारखीं नांवें ओळखतां येतात. म्हणून आधीं ढीग करावे लागतात. तयार हत्यारें जोडणाराला प्रत्येकाचा स्वभाव असा ठाऊक असावा लागतो.

ही एक ओळ पुन्हां लागेल असें वाटलें कीं व्यवस्थापक ती एका फाईलमध्यें लिहून तिला नांव देतो. त्या क्षणीं नवें हत्यार जन्मास आलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

मात्र प्रत्येक कामासाठीं हत्यार करणें शहाणपणाचें नव्हे. येथें अंकगणित उपयोगी पडतें. एखाद्या कामास रोज १० मिनिटें लागतात आणि वर्षांतून २०० दिवस तें करावें लागतें, असें धरल्यास वर्षाचीं २००० मिनिटें, म्हणजे ३३ तास २० मिनिटें होतात. तें काम करणारें हत्यार घडविण्यास ६ तास लागले तरी पहिल्याच वर्षीं २७ तासांहून अधिक वेळ वांचला. उलट तेंच काम वर्षांतून एकदांच करावयाचें असेल तर ते ६ तास भरून येण्यास ३६ वर्षें लागतील! तथापि वेळ हाच एक हिशेब नाहीं. चाळीस यंत्रांवर एकच बदल हातानें करतांना पहिल्या दहांवर मन लागतें, पुढें कंटाळा येतो, आणि अडतिसाव्या यंत्रावर एक अक्षर चुकतें. स्क्रिप्टला कंटाळा येत नाहीं, हा तिचा मोठा गुण होय. हाच गुण पुढें दोष कसा ठरतो, हेंहि आपण पाहणारच आहों.

वांटल्यानें न झिजणारें हत्यार

१९९४ सालीं इंग्लंडांत लेस्टर येथील डी माँटफोर्ट विद्यापीठांत टोबियास ओटिकर हे काम करीत होते. बाहेरच्या जगाशीं त्यांचा संबंध जोडणारी वाट एकच होती, आणि तिची शक्ति सेकंदास ६४ किलोबिट इतकी होती. सेकंदास ६४ हजार बिट म्हणजे ८ हजार बाइट. आजच्या मोबाईलनें काढलेलें ४० लक्ष बाइटचें एक छायाचित्र त्या वाटेनें धाडावयाचें म्हटलें तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, आणि तोहि इतर सर्वांनीं वाट मोकळी ठेविली तर! साहजिकच ती वाट कोणत्या वेळीं किती भरलेली असते, हें जाणण्याची सर्वांना उत्सुकता होती.

ओटिकर यांनीं एक प्रोग्राम लिहिला. तो दर पांच मिनिटांनीं त्या वाटेच्या तोंडाशीं असलेल्या यंत्रास "आतांपर्यंत किती माहिती गेली व आली?" असें विचारी आणि उत्तरांचा आलेख काढी. हा आलेख कोणासहि पाहतां येई. या हत्याराचें नांव एम.आर.टी.जी. त्यांतील एक योजना विद्यार्थ्यांनीं मुद्दाम समजून घ्यावी. दर पांच मिनिटांची नोंद कायम ठेवीत गेल्यास फाईल वाढत जाऊन डिस्कच भरावयाची. म्हणून ताज्या नोंदी तपशीलवार आणि जुन्या नोंदी सरासरी काढून ठेवावयाच्या, अशी युक्ति त्यांत केली आहे. कालचा दिवस आपल्याला तासातासानें आठवतो, मागील वर्ष महिन्यामहिन्यानें आठवतें. तसेंच हें आहे. त्यामुळें दोन वर्षांचा इतिहास राहतो आणि फाईल मात्र वाढत नाहीं.

ओटिकर यांनीं हें हत्यार १९९५ सालीं सर्वांसाठीं खुलें केलें. तें मंद चालत असे. डेव्ह रँड या दुसऱ्या गृहस्थांना तें आवडलें, व त्यांनीं त्यांतील संथ भाग सी या भाषेंत नव्यानें लिहून दिला. त्यामुळें तें कितीतरी वेगवान झालें. पुढें १९९९ सालीं ओटिकर यांनीं नोंदी ठेवण्याची तीच युक्ति अधिक व्यापक करून आर.आर.डी.टूल नांवाचें नवें हत्यार काढलें. सुतारानें आपला रंधा उसना दिला तर त्याचें काम अडतें, आणि रंधा झिजून परत येतो. संगणकाचें हत्यार दिलें तरी आपल्यापाशीं राहतें, आणि पुष्कळदां अधिक धारदार होऊन परत येतें.

काय करावें नव्हे, कसें असावें

१९९३ सालीं नॉर्वेंतील ऑस्लो विद्यापीठांत मार्क बर्जेस हे भौतिकशास्त्रज्ञ संशोधन करीत होते. त्यांच्या विभागांतील कांहीं संगणक सांभाळण्याचें कामहि त्यांजकडे आलें. ते संगणक निरनिराळ्या जातींचे होते. एकाच कामासाठीं प्रत्येकास वेगळी आज्ञा द्यावी लागे. त्यामुळें स्क्रिप्टमध्यें "या जातीचा असेल तर असें कर, त्या जातीचा असेल तर तसें कर" अशा अटींचें जंगल माजे. बर्जेस यांनीं त्यावर सी.एफ.एंजिन नांवाचें हत्यार रचलें.

त्यांतील कल्पना एका साध्या दृष्टान्तानें समजेल. शाळेच्या शिपायास आपण सांगितलें, "जा आणि दहाहि खिडक्या फिरवून ये." खिडक्या उघड्या असतील तर त्या बंद होतील, परंतु तीन खिडक्या कोणीं आधींच बंद केल्या असतील तर त्या तीन उघडतील! आतां दुसऱ्या रीतीनें सांगूं: "संध्याकाळीं सर्व खिडक्या बंद असाव्यात." शिपाई पाहतो, बंद असेल तिला हात लावीत नाहीं, उघडी असेल ती बंद करतो. ही आज्ञा त्याला एकदां दिली काय आणि दहादां दिली काय, फळ एकच. सी.एफ.एंजिनलाहि यंत्र कसें असावें तेवढें सांगावयाचें. आहे तें व असावें तें यांतील अंतर तें हत्यार स्वतः शोधून भरून काढतें.

ही कल्पना पुढें पुष्कळांनीं उचलली. ल्यूक कॅनिस यांचें पपेट २००५ सालीं व मायकेल डीहान यांचें अँसिबल २०१२ सालीं निघालें.  थोडीं माणसें आज सहस्रावधि यंत्रें सांभाळतात तीं अशा हत्यारांच्या बळावर.

हत्याराची धार उलटते तेव्हां

येथवर गुणच सांगितले. आतां दोषहि सांगितले पाहिजेत, आणि आरंभ आम्ही स्वतःपासून करतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका शाळेच्या संगणक-खोलीची देखरेख आमच्याकडे होती. विद्यार्थ्यांचें सर्व काम एका सर्व्हरवर एका मोठ्या कप्प्यांत असे, आणि त्याच कप्प्याच्या आंत टाकाऊ फायलींचा एक लहान कप्पा असे. दर शुक्रवारीं रात्रीं तो लहान कप्पा रिकामा करण्यासाठीं आम्हीं एक स्क्रिप्ट लिहिली. तींत दोन पायऱ्या होत्या: पहिली, टाकाऊ कप्प्यांत जा, दुसरी, जेथें उभा आहेस तेथील सर्व फायली पुसून टाक. सहा महिने ती बिनचूक चालली, आणि आम्हांस तिचा अभिमान वाटूं लागला. मग एके दिवशीं आम्हींच त्या लहान कप्प्याचें नांव बदललें आणि स्क्रिप्टमधील नांव बदलावयाचें विसरलों. त्या शुक्रवारीं पहिली पायरी चुकली, कारण त्या नांवाचा कप्पाच नव्हता. परंतु "पहिली पायरी चुकली तर थांब" असें आम्हीं स्क्रिप्टला कोठें सांगितलें होतें? ती मोठ्या कप्प्यांतच उभी राहिली आणि तिनें दुसरी पायरी इमानेंइतबारें पार पाडली.

सोमवारीं सकाळीं नववीचा वर्ग आला तेव्हां कप्पा रिकामा होता. आमच्यापाशीं बुधवारच्या रात्रीची प्रत होती. गुरुवार-शुक्रवारचें काम गेलें. एका मुलीनें वर्षभर मोजलेल्या पावसाचा तक्ता गुरुवारीं संगणकावर उतरविला होता. तिची मूळ वही घरीं होती म्हणून तो पुन्हां लिहितां आला. ज्यांच्यापाशीं वही नव्हती त्यांचे श्रम वांयां गेले. वर्गासमोर उभें राहून आम्ही चूक कबूल केली. मुलें कांहीं बोललीं नाहींत. तें त्यांचें गप्प राहणें आम्ही अद्याप विसरलों नाहीं. दुसऱ्यांचे श्रम आपल्या हत्याराच्या पात्याखालीं असतात, ही गोष्ट त्या दिवशीं आम्हांस समजली.

मोठ्या ठिकाणींहि असें घडतें. २०१७ सालीं २८ फेब्रुवारीस ॲमेझॉन कंपनीच्या सांठवण-सेवेंत एक कर्मचारी एक दोष शोधीत होता. थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा त्याला द्यावयाची होती. पण ती लिहितांना चूक झाली व पुष्कळ अधिक सर्व्हर निघाले. त्यांवर अवलंबून असलेल्या दोन प्रमुख व्यवस्था नव्यानें सुरू कराव्या लागल्या, आणि सुमारें चार तास जगांतील असंख्य संकेतस्थळांचें काम विस्कळित झालें. सेवा चालूं आहे कीं बंद, हें लोकांस दाखविणारी पाटीहि त्याच सेवेवर अवलंबून होती. त्यामुळें आरंभीं ती पाटीहि बदलतां येईना! परंतु त्यानंतर कंपनीनें जें केलें तें शिकण्यासारखें आहे. "यापुढें जपून लिहा" असें सांगून ती थांबली नाहीं. हत्यारच बदललें. आतां तें सर्व्हर सावकाश काढतें, आणि ठराविक संख्येच्या खालीं जाण्याची वेळ आली तर आज्ञा पाळण्याचें नाकारतें.

त्याच वर्षीं ३१ जानेवारीस गिटलॅब या कंपनींत रात्रीं उशिरां काम करणाऱ्या एका व्यवस्थापकानें चुकीच्या सर्व्हरवरील माहिती पुसण्याची आज्ञा दिली. क्षणभरांत चूक ध्यानांत येऊन त्यानें हात आंवरला, परंतु सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं ४.५ गिगाबाइटच शिल्लक राहिली होती. मग प्रती शोधूं लागले, तों रोजची प्रत काढणारें हत्यार अपयशी होत आलेलें आढळलें. त्या अपयशाची सूचना देणारीं पत्रें निघत होतीं, पण तीं वाटेंतच नाकारलीं जात होतीं. हत्यार मुकें झालें होतें, आणि त्याचें मौन म्हणजे सर्व कुशल आहे, असें सर्वांनीं समजून घेतलें होतें. सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें काढलेली एक प्रत होती म्हणून निभावलें. मधल्या सहा तासांची माहिती मात्र कायमची गेली. कंपनीनें हा सर्व वृत्तान्त न लपवितां प्रसिद्ध केला, हें तिला भूषणावह आहे.

पाळावयाचें पथ्य

या सर्वांवरून हत्यार घडविणाराने पाळावयाचे पांच नियम निघतात.

१. एक पायरी चुकली तर हत्यारानें तेथेंच थांबावें. पुढची पायरी आंधळेपणानें टाकूं नये.

२. कांहीं पुसण्यापूर्वीं किंवा बदलण्यापूर्वीं "मी काय करणार आहें" याची यादी हत्यारानें दाखवावी. यादी पाहून मगच होकार द्यावा.

३. अपघात झालाच तर त्याची सीमा हत्यारांतच घालून ठेवावी. मोठें काम थोडें-थोडें करून करावें.

४. हत्यार गप्प आहे याचा अर्थ तें ठीक आहे असा करूं नये. काढलेली प्रत मधूनमधून परत उघडून पाहावी. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हे, केवळ आशा होय.

५. हत्यार काय करतें, कां केलें व कसें चालवावें, हें साध्या भाषेंत लिहून ठेवावें. करणारा एक दिवस दुसरीकडे जातो. त्याच्यामागें राहिलेलें, कोणासहि न समजणारें हत्यार पुढच्या माणसाला भीतिदायक होतें. तें वापरण्याचें त्याला धैर्य नसतें आणि काढून टाकण्याचेंहि नसतें.

हे नियम वाचतांना आमच्या मनांत पुन्हां तो सुतार येतो. त्याच्या पेटींतील खिळा ठोकलेला तुकडा त्याच्या मुलाला न सांगतां समजतो, कारण मुलगा रोज त्याच्या शेजारीं बसून काम पाहतो. संगणकाच्या व्यवसायांत शेजारीं बसणारा मनुष्य पुष्कळदां हजार कोसांवर असतो, किंवा अजून नोकरीस लागलेलाच नसतो. त्याच्याशीं बोलावयाचें साधन म्हणजे हत्यारासोबत लिहिलेला तो कागद.

विद्यार्थ्यांनीं या सुटींत एक प्रयोग करावा. आपण रोज वा दर आठवड्यास करतों असें एखादें कंटाळवाणें काम निवडावें. मग तें गुणांची बेरीज असो, वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद असो वा घरच्या दुधाचा हिशेब असो. त्याच्या पायऱ्या कागदावर क्रमानें लिहाव्या. प्रत्येक पायरीपुढें "ही चुकली तर काय करावें?" याचें उत्तर लिहावें. संगणक जवळ असल्यास तें काम त्याच्याकडून करवून पाहावें. नसल्यास तो कागद धाकट्या भावंडाच्या हातीं द्यावा व आपण तोंडानें कांहीं न सांगतां त्याला तें काम जमतें काय, हें पाहावें. जेथें तें अडेल तेथें दोष त्याचा नसून आपल्या लिहिण्यांत आहे असें समजावें व ती ओळ सुधारावी.

पालकांस एवढीच विनंति कीं, मूल दहा मिनिटांच्या कामासाठीं दोन तास कांहीं खटपट करीत बसलेलें दिसलें तर त्यास लगेच रागावूं नये. तें काम पुन्हां किती वेळां करावयाचें आहे, आणि हें बिघडल्यास नुकसान कोणाचें होईल, हे दोन प्रश्न त्याला विचारावे. दोन्हींचीं उत्तरें त्याच्यापाशीं असतील तर त्यास खुशाल करूं द्यावें.